चिखल्याची अंडी आणि आप्पांची आरोळी

तंबू एकदा समुद्रावर नेला की त्यातली वाळू वर्षभर संपत नाही. आमच्या किश्श्यांचंही तसंच. कुठेही झटका, दोन-चार पडतातच!

आम्ही तिघं. शहापुरात मागावर साड्या विणणारे अण्णा, कडोलीत जोंधळा-रताळी पिकवणारे आप्पा आणि गाडी चालवणारा मी. दरवर्षी गोव्याच्या किनाऱ्यालगत ओळखीच्या माडाच्या बागेत तंबू ठोकतो. नाद अण्णांचा. चिखल्या हा चिमुकला पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतो. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येताना एकदा बघायचं, एवढाच त्यांचा हट्ट. तीन वर्षं ते हुकत होतं.

*

पहिल्या वर्षी परतताना घाटातल्या नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली.

"काय आणलंय?"

"काय न्हाय साहेब, पक्षी बघाय गेलतो," अण्णा म्हणाले.

"गोव्याला जाऊन नुसते पक्षी?"

आणि त्याने डिकीतली स्टेपनीसुद्धा काढून तपासली!

*

दुसऱ्या वर्षी मी महागडी दुर्बीण घेतली. वाळूवर शंभरेक पक्षी, सगळे सारखेच. मी फोकस फिरवत बसलो. अण्णा उघड्या डोळ्यांनी म्हणाले, "डावीकडनं सातवा बघ. त्यो चिखल्या न्हाय, तुतवार हाय."

"कसं ओळखलंत?"

"मागावर एक दोरा येगळा आला तर दिसाय नको व्हय रं?"

दुर्बीण आता आप्पा वापरतात. तंबूत बसल्या बसल्या चुलीतली रताळी भाजली का, ते बघायला!

*

गेल्या वर्षी दोन तास पोटावर पडून राहिलो, तेव्हा कुठे मादी अंड्यांकडे परत आली. तेवढ्यात मागून आरोळी, "हाऽऽ हुर्र्या!"

किनारा रिकामा.

आप्पा ओशाळले. "जोंधळ्यातली पाखरं राखून राखून सवय लागलीया. पाखरू उतरलं की त्वांडातनं आपसूक येतंय!"

अण्णांनी त्या रात्री आप्पांची रताळी शिवलीसुद्धा नाहीत. मला मात्र हसू आवरेना.

*

यंदा अण्णांनी आप्पांच्या तोंडाला टॉवेलच बांधला. तो अण्णांनीच सोडायचा, असा ठराव झाला.

सकाळी एक अंडं तडकलं. मला भरून आलं. ओलं पिल्लू अर्धं बाहेर आलं, आणि दोन कावळे वाळूवर उतरले. उड्या मारत सरळ अंड्यांकडे निघाले. मादी पंख मोडल्याचं सोंग करून लांब फडफडत गेली, पण कावळ्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धावून पोचण्याइतके आम्ही जवळ नव्हतो.

आप्पा टॉवेलमधून नुसते "ऊं ऊं" करत अण्णांकडे बघत होते.

अण्णांनी झडप घालून टॉवेल ओढला.

"वरड आप्पा, वरड!"