मेश्रामताईंचं जाकीट

उन्हाळ्यात आमच्या रायपूरच्या ऑफिसात डब्याची सुट्टी लांबते, कारण बाहेर जाण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग किस्से निघतात. एक सांगायला घेतला की दुसरा त्याची बाही धरून येतोच! हल्ली तर कोणी नुसतं "जाकीट" म्हटलं, तरी आमच्या ऑफिसातले साहू भैया हातातली पोळी खाली ठेवून हसायला लागतात.

आधी मेश्रामताईंविषयी सांगायला हवं. ताई आमच्या शेजारच्या टेबलावर बसतात, माहेर भंडाऱ्याचं. बर्फातून चालत एखादी खिंड ओलांडायची, ही त्यांची शाळेपासूनची हौस. आणि थंडी वाजणं हा त्यांचा स्वभाव! दिवाळी आली की कानाला स्कार्फ, आणि तो होळीला सुटतो. याआधी दोनदा त्यांनी हिमालयातल्या ट्रेकला नाव दिलं आणि दोन्ही वेळा थंडीच्या धास्तीनं काढून घेतलं.

यंदा त्यांच्या मुलीनं, प्राचीनं, न विचारताच दोघींची नावं टाकली. ताईंनी अट घातली, "जाकीट मनासारखं भेटलं तर येईन. नाही तर तू जाय, मी घरी लोणचं घालत बसीन."

प्राचीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. ती म्हणाली, "मम्मी, दो बार अचार डाल चुकी हो. तीसरी बार नहीं!"

तेव्हापासून ते जाकीट आमच्या सगळ्यांचंच झालं.

*

पहिली फेरी गोल बाजारात. एप्रिल संपत आलेला, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. ताई, मी आणि देशकर एका कपड्याच्या दुकानात शिरलो. देशकर म्हणजे आमच्या ऑफिसातले सर्वज्ञ. पंख्यापासून पेन्शनपर्यंत कुठलाही विषय काढा!

ताई म्हणाल्या, "भैया, कडाके की ठंड वाला जाकीट दिखाओ."

दुकानदारानं एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "छोटू, दीदी के लिए पहले ग्लूकोज ला!"

ग्लूकोज पिऊन झाल्यावर त्यानं माळ्यावरून डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारं एक काळं चामड्याचं जाकीट काढलं. "ये पहन के दीदी, पहाड़ क्या, चाँद पे घूम आओ!"

ताईंनी ते अंगात घातलं आणि हात वर करून पाहिले. हात खांद्याच्या वर जाईनात. "चंद्रावर पडली तर उठू कशी?" म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या.

*

मग डब्याच्या वेळी अभ्यास सुरू झाला. देशकरांनी मोबाईलवर वाचून जाहीर केलं, "पिसांचं घ्या ताई. वजनाले हलकं, अन् गरम म्हणजे असं का विचारू नका!"

"अन् भिजलं तर?" ताईंनी विचारलं.

देशकर पुढचं वाचायला लागले. संध्याकाळी आईला घ्यायला आलेल्या प्राचीनं उत्तर दिलं, "भीग गया तो गीली मुर्गी! पंख चिपक जाते हैं, गरमी खतम."

शेवटी ठरलं की आत लोकरीसारखं मऊ, त्यावर पिसांचं पातळ, आणि सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं मोठं जाकीट. हे बाहेरचं मोठंच खरं महत्त्वाचं. शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या हव्यात, टोपी घट्ट बसायला हवी, काखेत चेन हवी.

"काखेत चेन काहून?" देशकरांनी विचारलं.

"घाम जायला," मी म्हणालो.

देशकरांनी स्वतःच्या शर्टाच्या काखेकडे पाहिलं. "हे आपल्या रायपुरात सगळ्या कपड्याइले पाहिजे!"

*

जाकीट ऑनलाइन मागवलं. आलं ते केशरी, पाकळीसारखं हलकं. आता परीक्षा कशी घ्यायची? आमच्या हॉलमध्ये कपाटाएवढा कूलर आहे. ताई जाकीट घालून, टोपी ओढून, चेन हनुवटीपर्यंत लावून त्याच्या पुढ्यात बसल्या. देशकर बाजूला उभे राहून तांब्यातलं पाणी हवेच्या झोतात उडवत होते. वादळाचं वादळ!

तेवढ्यात साहेब आले. सगळे उठले. ताईसुद्धा टोपीसकट उठल्या, नाकावरून पाणी ठिबकतंय.

साहेबांनी क्षणभर पाहिलं. मग स्वतः पुढे होऊन कूलरचं बटण कमी केलं. "मेश्राम मॅडमना थंडी वाजते, माहीत नाही का तुम्हाला? किती जोरात लावता!"

आत एक थेंब गेला नव्हता.

*

पण घरी ताईंच्या सासूबाई होत्या. सुनेला थंडी लागली तर सुंठ-ओव्याची पुडी हाताशी हवी, म्हणून त्यांनी प्रेमानं जाकिटाला आतून एक खिसा शिवून दिला. जाड लाल दोऱ्यानं, आरपार!

दुसऱ्या दिवशी कूलरपुढे बसल्यावर ताईंच्या पोटावर ओला चौकोन उमटला. ताईंचा चेहरा उतरला. "जाऊ द्या. माह्या नशिबात लोणचंच हाय," म्हणाल्या. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

साहू भैया त्यांना स्कूटरवर बसवून पुरानी बस्तीतल्या एका सायकलवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं दोरा काढला, जाकीट टबात बुडवून भोकं शोधली, आतून रबराचं ठिगळ चिकटवलं आणि गंभीरपणे विचारलं, "हवा भी डाल दूँ, दीदी?"

तेव्हा कुठे ताई हसल्या.

*

वारा झाला, पाणी झालं. राहिली थंडी. साहू भैयांचे मेहुणे आलूच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. त्यांनी परवानगी काढली. ताई तिन्ही थर चढवून आलूच्या पोत्यांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. मेहुणे त्यांच्याजवळ, आम्ही दाराबाहेर घाम पुसत. बराच वेळ झाला. देशकर कुजबुजले, "आता नाव काढून घेते पाहा."

दार उघडलं. ताई बाहेर आल्या. नाक लालबुंद, डोळे चमकत होते.

"काय ताई?"

"आलू अंदर सहा महिने टिकते म्हणतात," ताई म्हणाल्या. "मी चार दिवस नाही टिकणार काय!"

*

मायलेकी गेल्या. वर नेटवर्क नव्हतं. बऱ्याच दिवसांनी प्राचीचा एवढाच मेसेज आला, "लौट रहे हैं." मग फोन बंद.

"लौट रहे म्हणजे?" देशकर अस्वस्थ झाले. "पार करून, का अर्ध्यातून?"

गाडीच्या दिवशी आम्ही तिघं भरदुपारी स्टेशनवर. लू अशी, की प्लॅटफॉर्मवरच्या बाकाला हात लावता येईना. देशकरांनी हार आणला होता, पण पिशवीतच ठेवला. अर्ध्यातून परतल्या असतील तर बरं दिसणार नाही म्हणून.

एसी डब्यातून आधी प्राची उतरली, नाकाची सालं निघालेली. तिच्यामागे केशरी जाकीट. चेन हनुवटीपर्यंत, टोपी डोक्यावर! प्लॅटफॉर्मवरची माणसं थांबून पाहायला लागली.

"दीदी, तबियत तो ठीक हे ना?" साहू भैया घाबरून पुढे धावले.

ताईंनी हातानंच 'ठीक' म्हटलं.

देशकरांना राहवेना. "ताई, खिंड?"

उत्तर प्राचीनं दिलं, "मुझसे पहले पहुँची! ऊपर खड़ी होके मेरे लिए ताली बजा रही थी."

देशकरांनी हार काढला, तो घाईत जाकिटाच्या टोपीत अडकला. साहू भैया त्यांच्या छत्तीसगढीत जोरात ओरडले, "हव! हमर जाकेट पास होगे!"

"म्हणजे जाकिटानं काम केलं!" देशकर हार सोडवता सोडवता म्हणाले.

"वर काहाचं काम!" ताई म्हणाल्या. "वारा नाही, ऊन कडक, चढून चढून घामाघूम. म्या तं काढून कमरेले बांधलं होतं."

"मंग आता काहून घातलं?"

ताईंनी मागे वळून डब्याकडे रागानं पाहिलं.

"अंदर जाऊन पाहा न तो एसी! रातभर कुडकुडून राहिली मी!"