मांडीवर कुकर घेतलेली बाई

वर्तमानपत्रात मी फोटोंखालच्या ओळी लिहायचो. युद्ध सुरू झालं, तेव्हा टेबलासमोर एक कागद चिकटवला गेला: आपल्यांना ‘वीरमरण’, त्यांचा ‘खात्मा’. एका दुपारी माहितीशिवाय फोटो आला. पडलेलं घर आणि मांडीवर कुकर घेऊन बसलेली बाई.

“आपली की पलीकडची?” शेजारच्या सुलभाताईंनी विचारलं.

“कळत नाही.”

“मग लिहिणार काय?”

खरंच, तिच्यासाठी आमच्याकडे शब्दच नव्हता. ती मात्र माझ्याकडेच बघत होती, आपण कोण ते आता हाच सांगेल, अशी.

संध्याकाळी ती पलीकडची निघाली. मी ‘शत्रूचा अड्डा उद्ध्वस्त’ लिहिलं आणि तिला फोटोतून कापलं. सकाळच्या अंकात नुसतं घर होतं. कोपऱ्यात कुकरचा दांडा तेवढा राहून गेला होता, आणि त्यावर तिची चार बोटं.