तळाचा पेला

गाळणी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि आता सांगणार आहे ते सगळं होऊन गेल्यावरही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या तोंडून तिचं कौतुक ऐकायच्या आशेनं कुणी बसायला नको.

आम्ही दोघी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला. इस्त्रीचा हॉल, चौदा बायका, चार वाफेच्या इस्त्र्या आणि मधोमध रोलर. रोलरमध्ये एका बाजूनं ओली चादर सरकवायची, दुसऱ्या बाजूनं कोरडी खटखटीत ओढून घ्यायची. रोलर माझा. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण धुळीनं चादरी पुन्हा मळतात. चादरी महत्त्वाच्या, बायका काय, दुसऱ्या मिळतात. उन्हाळ्यात दुपारी त्या हॉलमध्ये श्वास घेतला तरी घशाला चटका बसायचा.

गाळणी एकोणिसाव्या वर्षी तिथं लागली. तिचा नवरा तिथेच बॉयलरवर होता. एका उन्हाळ्यात भर दुपारी तो आडवा झाला तो उठलाच नाही. हे ती स्वतः कधी बोलली नाही, मला मुकादमानं सांगितलं. नवरा गेल्यावर महिन्याभरानं ही एक पत्र्याचा टप घेऊन आली आणि सगळ्यांसाठी पाणी करायला लागली. ते थेट माझ्या वेळेपर्यंत.

बॉयलरच्या भिंतीमागे एक नळ सतत गळायचा. त्याच्याखाली तिनं पुदिना आणि गवती चहा लावला होता. सकाळी सातला ती तिथून दोन्ही खुडून आणायची, आलं आणि बडीशेप ठेचायची, सगळं एका फाटक्या अभ्र्यात भरून तोंड बांधायची आणि टपात उकळतं पाणी ओतून त्यात बुडवायची. वर झाकण. अकराला अभ्रा पिळायचा, लिंबं, मीठ आणि दळलेली साखर घालायची आणि मग गाळायचं. एकदा नाही, तीनदा. पानाचा एक कण दिसला तरी पुन्हा फडकं लावायची. म्हणून तिचं नाव गाळणी. तोंडावर सगळ्या मावशी म्हणायच्या.

मी लागले त्या दिवशी तहानेनं जीव चाललेला. टप दिसला, पेला उचलला आणि बुडवला. तिनं डावानं माझ्या मनगटावर फटका मारला.

"इथं हात घालायचा नाही. मी देईन तेव्हा घ्यायचं."

चौदा बायकांसमोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून अकरा वर्षं तिनं मला पाणी दिलं ते सगळ्यात शेवटी. टप तिरका करून, तळाशी उरलेलं, खारट ढोण. इतरांना वरचं, हिरवट, सुगंधी. मला तळाचा पेला. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "नको असेल तर ओतून दे. नळ तिकडे आहे." मी मुकाट्यानं प्यायचे आणि मनातल्या मनात बोटं मोडायचे. माझ्या चादरींच्या घड्या वाकड्या आहेत असं मुकादमाला सांगणारीही तीच. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस जळकट वास आला. मी रोलरवरून ओरडले, "कुणाचं जळतंय?" गाळणीच्या इस्त्रीखाली अभ्रा तपकिरी होऊन धुमसत होता आणि ती शांतपणे दुसऱ्या अभ्र्याच्या घड्या घालत होती. नाकाखाली धूर! मी ओरडल्यावर तिनं इस्त्री उचलली, अभ्रा गुंडाळून कोपऱ्यात टाकला आणि म्हणाली, "लक्ष नव्हतं."

लक्ष नव्हतं? जिचं आमच्या घडीच्या सुरकुतीवर लक्ष असतं, तिचं? मी घरी जाईपर्यंत विचार करत राहिले आणि मला सगळं दिसायला लागलं. ती कधी पाणी चाखत नसे. घरून आणलेला डबा खाताना तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. बारा वर्षांपूर्वी, मी लागायच्या आधी, तिला मोठा ताप आला होता म्हणे. त्या तापात हिचं नाक आणि जीभ दोन्ही गेली असणार, आणि हिनं ते लपवलं असणार. कारण हॉलचा नियम आहे, ज्याला वास येत नाही त्याला इस्त्रीवर ठेवत नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. खाली तळघरात रफूची खोली आहे, तिथं पाठवतात. तिथं गेलेलं माणूस पुन्हा हॉलमध्ये दिसत नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

तिचे मिठाचा आणि साखरेचा असे दोन डबे होते, एकसारखे, मिठाचा डावीकडे, साखरेचा उजवीकडे. ती बघायचीसुद्धा नाही, हात आपोआप जायचा. एका सकाळी मी लवकर आले आणि डबे फिरवून ठेवले. त्या दिवशी टपात साखरेऐवजी दोन वाट्या मीठ गेलं.

बाराला पहिला पेला घेतलेल्या बाईनं घोट जमिनीवर थुंकला. "मावशी, हे काय? समुद्र आणलात का?"

दुसरीनं थुंकला. तिसरीनं नुसतं बोट बुडवून चाटलं आणि मागे सरली. मी रोलर थांबवला आणि पुढे झाले.

"मावशी, तुम्हीच प्या की. बघू दे आम्हाला."

गाळणीनं माझ्याकडे पाहिलं. मग पेला भरला, सावकाश प्यायली, आणि ओठ पुसून म्हणाली, "बरोबर तर आहे."

मुकादम दारात उभा होता. मीच त्याला बोलावून ठेवलं होतं.

टप ओतून दिला. नव्यानं करायला वेळ नव्हता, आणि त्या दिवशी उन्हानं कहर केला होता. तीनच्या सुमारास माझी धाकटी जाऊ रोलरच्या पलीकडून चादर ओढता ओढता खाली बसली. पायात गोळे आले, हात वेडेवाकडे वळले, तोंडातून शब्द फुटेना. तिला मीच चिकटवलं होतं इथं, दोन वर्षांपूर्वी, दिराच्या हातापाया पडून. आम्ही तिला रुग्णालयाच्याच वरच्या मजल्यावर नेलं. चार दिवस ती मी इस्त्री केलेल्या चादरीवर पडून होती. दीर रोज यायचा आणि मला विचारायचा, "वहिनी, झालं काय नेमकं?" मी म्हणायचे, "ऊन."

गाळणीला तळघरात पाठवलं.

पाणी करायचं माझ्यावर आलं. कुणी सांगितलं नाही, पण सगळ्या माझ्याकडेच बघायच्या. पुदिना तोच, अभ्रा तोच, लिंबं तितकीच. मी दहादा चाखायचे, माझ्या जिभेला फर्मास लागायचं. बायका पिऊन म्हणायच्या, "छान आहे ग." आणि दुपारी एकीच्या पिंडरीत गोळा, दुसरीचं डोकं गरगरतंय, तिसरी बाकावर. जाऊ कामावर परतल्यावर तिसऱ्याच दिवशी तिचे पाय पुन्हा वळायला लागले. मी घाबरले. त्याच दुपारी मी तळघरात गेले.

खोली गार होती. भिंतीला ओल, एक दिवा, टेबलावर फाटक्या चादरींचा ढीग. गाळणी सुईत दोरा ओवत होती. मान वर केली नाही.

"मीठ किती घालायचे तुम्ही?" मी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"डबे तू फिरवलेस."

"हो."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही मुकादमाला?"

"सांगून माझी जीभ परत येणार होती का?" तिनं दोरा ओढून दातानं तोडला. "चाखून मीठ घालतेस ना? तिथंच चुकतेस. सकाळी तुझ्या जिभेला तहान नसते. घाम दुपारी येतो. पाठ कर."

"काय?"

"अगं, पाठ कर म्हणते ना."

मी पाठ केली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्या इतक्या जवळ आली. आमचा गणवेश गडद निळा. तिनं माझ्या खांद्यांच्या मधोमध नखानं खरवडलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. नखावर पांढरी पूड होती.

"हे मीठ. अंगातून बाहेर आलेलं. बाराला पाठी बघायच्या. पांढऱ्या रेघा किती, कुठपर्यंत आल्यात, त्यावरून दुसऱ्या दिवशीचं ठरवायचं. काल खांद्यापर्यंत असतील तर एक मूठ. कमरेपर्यंत उतरल्या तर दोन. जीभ असताना मी चाखायचेच की. चुकायचेच. जीभ गेल्यावर मग पाठी बघायला लागले."

मी वळले.

"तुझी पाठ सगळ्यांत पांढरी. रोलरवर आहेस ना. म्हणून तुला तळाचं द्यायचे. वाटण्याआधी तुझ्यासाठी तळाला वेगळी चिमूट टाकायचे, न ढवळता."

"मला वाटायचं, खुन्नस काढताय."

"खुन्नस होतीच," ती म्हणाली. "तुझं तोंड मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. पण मीठही लागत होतं."

मी वर आले. दुसऱ्या दिवसापासून पाठी बघायला लागले. जाऊचे पाय वळायचे थांबले. बायका म्हणाल्या, आता मावशीच्या पाण्यासारखं लागतंय. मला त्याचा राग आला.

आठवड्यानं मी एक पेला भरून तळघरात नेला. का नेला, ते विचारू नका. चांगलं वरचं, तीनदा गाळलेलं, हिरवं. टेबलावर ठेवला. गाळणीनं पेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली, वळली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

निळा गणवेश कोरा करकरीत होता. एकही रेघ नव्हती.

"बघितलंस? इथं घाम येत नाही," ती म्हणाली. "घेऊन जा ते. वर कुणाला तरी लागेल."

मी पेला उचलला. जिन्यावर अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं. उरलेलं मी रोलरपाशी उभी राहून प्यायले. मीठ कमी होतं.