बनारसच्या उस्तादांचा ठेका

"वाजव गा, रंग सुकून राह्यला."

मी तबल्यावरून हात काढला की दोन मिनिटांत हे वाक्य यायचं. बोलणारा माझ्याकडे बघायचाही नाही. जमिनीवर अंथरलेल्या वीस फुटी पडद्यावर तो उकिडवा बसलेला असायचा, हातात ब्रश आणि समोर अर्धवट राजवाडा. रंगाचा न् तबल्याचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारून थकलो होतो.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरचा, त्याआधी तालमी. आरमोरीजवळच्या एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात एका टोकाला आमची तालीम चालायची आणि दुसऱ्या टोकाला त्याचे पडदे. आम्ही सगळे त्याला पेंटर म्हणायचो. त्याच्या अब्बांचं बाजारात टिनाच्या पेट्यांचं दुकान होतं, दिवसभर ठोकठोक. "मी त्या आवाजात झोपलो लहानपणी," तो सांगायचा, "शांत झालं का मले जाग येते."

त्याच्या डाव्या हाताला भिंतीवर एक जुन्या पडद्याचा तुकडा टांगलेला असे, ब्रश पुसायला. तालीम सुरू झाली की तो ब्रश तालावर पुसायचा, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं, असं मला वाटायचं. संध्याकाळपर्यंत फडक्यावर रेघांवर रेघा. एकदा मी विचारलं, हे काय करून ठेवलंस?

"हे तू होय," तो म्हणाला. "सकाळपासून इतकं वाजवलं तू. हे पाह्य, इथी मोकळं आहे ना, इथी तू चहाले गेला. आन इथी ऑर्गनवाल्याशी भांडला."

मी फडकं नीट पाहिलं. भांडण अगदी बरोबर जागी होतं.

माझं डाव्या हाताचं एक बोट लहानपणी मळणीयंत्रात सापडून वाकडं झालेलं. त्यामुळे माझ्या ठेक्यात चौथ्या मात्रेला डग्गा थोडा मागून पडतो. ऑर्गनवाला त्यावरून मला रोज टोचायचा. एके दिवशी पेंटर पडद्यावरून उठून आला आणि त्याला म्हणाला, "तो चुकत नाई भाऊ. लंगडत येते, पन येते. येऊ द्या त्याले." माझ्या वाजवण्याची बाजू घेणारा आजवर तेवढा एकच माणूस मला भेटला. तो मला भावासारखा होता, उगीच आडपडदा कशाला ठेवू.

मग एका वर्षी नागपूरहून चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई पडदे पाहायला आल्या. राजवाडा, जंगल, तुरुंग सगळं पाहून झालं आणि बाई थांबल्या त्या फडक्यापाशी. हे कुणी काढलं, म्हणाल्या. पेंटर लाजून लाल. "ते ब्रश पुसाचं फडकं होय, म्याडम." बाईंनी तशी चार फडकी गाडीत घालून नेली, आणि दोन महिन्यांत पेंटरही नागपूरला गेला.

बसस्टँडवर सोडायला मीच होतो. खिडकीतून माझा हात धरून म्हणाला, "पहिलं प्रदर्शन लागन ना, त्या दिवशी तुले बाजूले उभा करीन. सांगीन सगळ्याईले, हे याचं वाजवनं होय." मी त्याला मागितलं नव्हतं. पण एकदा माणसानं दिलं की आपण धरून बसतो. मी तीन वर्षं धरून बसलो.

प्रदर्शन चंद्रपूरला लागलं. मला निमंत्रण नव्हतं. ऑर्गनवाल्यानं मोबाइलवर दाखवलं, मी इस्त्रीचा सदरा घातला आणि गेलो. थंडगार हॉल, भिंतीवर मोठमोठी चित्रं. झाड नाही, माणूस नाही, नुसत्या रेघा. लोक मान तिरकी करून पाहत होते. मला मान तिरकी करायची गरज नव्हती. प्रत्येक चौथी रेघ थोडी मागे सरकलेली होती. आमच्या नाटकातली गाणी मला एकामागून एक ओळखू येत होती.

तेवढ्यात माइक आला. काळ्या कुर्त्यातला पेंटर बोलायला उभा राहिला, छापील मराठीत. लहानपणी अब्बांच्या दुकानात बनारसच्या एका उस्तादांची जुनी रेकॉर्ड लागायची म्हणे. ही सगळी चित्रं त्या तबल्याची.

त्या दुकानात रेकॉर्ड सोडा, साधा रेडिओ नव्हता.

बाईंनी मला पाहून विचारलं, हे कोण? "आमच्या गावाकडचे आहेत," पेंटर म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, "या ना, तुम्ही चहा घ्या." सोळा वर्षांच्या दोस्तीत मी पहिल्यांदा 'तुम्ही' झालो होतो.

दाराशी गाठून मी एवढंच विचारलं, "काऊन गा?"

तो खाली बघत म्हणाला, "नाटकातल्या तबल्याले कोन विचारते इथी? हसले असते लोक."

मी परत आलो. त्याच्याविषयी घरीदारी वाईटसाईट बोललो, तेही कबूल करतो. आमच्या नाटक मंडळीचे पडदे आता फ्लेक्सवर छापून येतात. गोदामात आमच्या टोकालाच तेवढी माणसं असतात.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. पुन्हा 'तू'वर आलेला. "नवीन प्रदर्शन आहे. हातच चालून नाई राह्यला गा. लय रेकॉर्डी ऐकल्या, काई उपयोग नाई. अर्धा घंटा वाजवून मोबाइलवर पाठव ना."

"बनारसले लाव फोन," मी म्हणालो आणि ठेवून दिला.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी तबला काढला. का, ते मलाही सांगता येणार नाही. मोबाइल समोर ठेवून अर्धा तास वाजवलं. पाठवण्याआधी नीट आलंय का म्हणून लावून पाहिलं. स्वतःचं वाजवणं असं बाहेरून मी कधी ऐकलं नव्हतं. चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. मी शेवटपर्यंत ऐकलं.

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं हे ऐकत होता. हे चांगलं आहे, हे माझ्याआधी त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्यानं ते दुसऱ्याच्या नावावर केलं. ज्याला कान नाही त्यानं केलं असतं, तर मी केव्हाच विसरलो असतो.

त्याचे नंतर दोन फोन येऊन गेले. रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्येच आहे.