बादली की फावडं

"टाक ना पाणी, विमल! राख होऊन राह्यली!" मी ओरडले. विमल भरलेली बादली घेऊन खड्ड्याच्या काठावर उभी होती. हात काही उचलेना.

मी गावोगावी बायोचार करायला शिकवते. म्हणजे काय, तर कापसाच्या पऱ्हाट्या खड्ड्यात थराथरानं जाळायच्या आणि राख व्हायच्या आत विझवायच्या. उरतो तो कोळसा. शेण-गोमूत्रात मुरवून मातीत मिसळला की तो ओल धरून ठेवतो. उशीर झाला, तर हाती नुसती राख.

चामोर्शीकडची विमलची जमीन बरड, पाणी थांबतच नाही. नवरा गेल्यापासून ती एकटी. गेल्या वर्षी लावलेले टमाटर वाळून गेलेले. यंदाही वाळले तर पोरगा तिला चंद्रपूरला नेणार आणि शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला देणार, असं ठरलेलं. गोळा केलेल्या साऱ्या पऱ्हाट्या याच खड्ड्यात होत्या.

"काऊन थांबली वो?"

"मले नाई जमत, बाई. तिसऱ्या दिवशी सरणाची राख थंडी केली, तवा असाच चर्र आवाज आला होता. दूर बसून आयकला मी."

माझ्याही घरी आता कोणी नाही. तो आवाज मला ठाऊक आहे. पण निखारे काही थांबत नाहीत, कडेनं पांढरे व्हायला लागले होते.

"ठेव बादली. फावडं आण. कुंभार भट्टी झाकते तशी झाकू."

दोघींनी बांधाची ओली माती ओढली. धूर कोंडला. आवाज नाही.

ऑफिसातून साहेबांचा फोन. "मॅडम, पाणी टाकतानाचा फोटो आला नाही."

"माती टाकली, साहेब."

"प्रोटोकॉलमध्ये माती नाही!"

"प्रोटोकॉलमध्ये विमलही नाई, साहेब."

सकाळी उकरलं. थोडी राख झालीच होती, पण खाली काळाभोर, हलका कोळसा. मुरवला, वाफ्यात मिसळला, रोपं लावली. उन्हं तापली तरी या वेळी त्यांनी माना टाकल्या नाहीत. पोरगा आला, लदलेली झाडं पाहिली, पिशवी भरून घेतली आणि एकटाच परत गेला.

मला तिनं टोपलंभर टमाटर दिले.

"एवढे कशाले वो मले एकटीले?"

"मंग मी तरी कोणाले देऊ?" ती हसली. माझी बस दिसेनाशी होईपर्यंत बांधावर उभी होती.

माझ्या घरी त्यातले अर्धे पिकून मऊ पडले.

आता ट्रेनिंगच्या आधी मी विचारते, घरचं कोणी गेलं का एवढ्यात? त्यावर ठरतं, बादली भरायची की फावडं आणायचं.