आक्काचं कुलूप

पोलीस खात्यात दरोडे पाहिले, खून पाहिले. पण डोळे मिटले की आजही आधी दिसतं ते बारामती एमआयडीसीजवळच्या एका घराचं कुलूप.

दुपारी ठाण्यात फोन आला, "सायेब, हितं भरदिवसा घरफोडी चाललीय!" जाऊन पाहतो तर दारात संसार भरलेला टेम्पो, कुलपावर हातोडा उगारलेला कारखान्यातला कामगार आणि गॅसच्या टाकीवर बसलेली त्याची बायको. घर त्यानेच विकत घेतलेलं. भाड्याची खोली सकाळी सोडलेली. पण दाराला भलतंच कुलूप. त्याची किल्ली लागेना.

"घर घेण्याआधी वकिलाला विचारलं होतं का?"

"पाव्हण्याचंच घर हाय, सायेब. पाव्हण्याफुडं वकील उभा करायचा म्हंजी त्याला चोर म्हनल्यागत."

"व्हय, म्हणून आता आपुन चोर दिसतोय," बायको म्हणाली.

विकणाऱ्या पाव्हण्याला ठाण्यात आणलं. मी नजर रोखली की भलेभले बोलतात, असा माझा समज होता. बराच वेळ रोखली. माझेच डोळे चुरचुरले. पाव्हणा निवांत चहा पीत होता.

"दुसऱ्या कुणाला विकलंस?"

"न्हाय."

"घरावर कर्ज?"

"न्हाय."

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. आता मात्र चहा बाजूला ठेवून तो मोबाइल मांडीखाली सरकवू लागला. मी नाव वाचलं: आक्का. माणूस पोलिसाला न भिता फोनला भीत असेल, तर चौकशी फोनकडेच करावी.

"उचल. स्पीकरवर."

"कुलूप मीच घातलंय!" वडगाव निंबाळकरला दिलेली त्याची बहीण कडाडली. "बापाच्या घरात माझा बी वाटा हाय. इचारलं असतंस तर हसत सही दिली असती. इचारलं का न्हाईस?"

पाव्हण्याने मान खाली घातली. माझ्या नजरेने जे झालं नाही, ते तिच्या एका प्रश्नाने झालं.

संध्याकाळी आक्का आली. टेम्पोकडे पाहून तिने कुलूप काढलं. "सामान ठिवा. सही मातुर वकिलाम्होरंच."

निवृत्तीनंतर इंदापुरात साडूंचं वडिलोपार्जित घर घ्यायचं ठरलं. मी वकील घेऊन गेलो. साडूंचं तोंड उतरलं. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं पाहिलं, की नजर रोखणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण नात्यात जे विचारायला आपली जीभ उचलत नाही, ते विचारायलाच वकील असतो, एवढं त्या कुलपाने शिकवलं होतं.

वकिलाने बसल्याबसल्या विचारलं, "बहिणी किती?"

साडू बोटांवर मोजू लागले आणि तिसरं बोट धरून खिडकीबाहेर बघत बसले.