मेव्हण्याचं कोपर

माणसाला दमवावं ते आमच्या मेव्हण्यानं. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत या कामात त्याच्या तोडीचा दुसरा कुणी निघायचा नाही. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. सौंसरला त्याचा संत्र्यांचा बगीचा आहे, आणि मी इकडे पांढुर्ण्यात जरा पाठ टेकली की नेमका त्याचा फोन येतो. आमच्याकडे नवरीला तिचा मामा उचलून मांडवात आणतो. माझ्या मुलीचं लग्न ठरलं त्याच दिवशी यानं जाहीर केलं, "भाऊजी, तुमी फक्त बाजूले उभे राहा. भाचीले मी आणतो." इथवर ठीक होतं. पण त्याला सराव हवा होता. संत्र्यांनी भरलेलं कॅरेट दोन्ही हातांवर आडवं घेऊन तो रोज सकाळी बगीच्यातून संथ पावलं टाकत चालायचा, तोंडानं मंगलाष्टकं चालू. एकदा ओल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय घसरला. संत्र्यांना काही झालं नाही, याचं उजवं कोपर मोडलं.

नागपूरला ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले, हाड जुळलं. कोपर मात्र काटकोनात आखडलं ते आखडलंच. तो पुढे आलेला हात पाहून देवळातला पुजारी त्यावर दोनदा प्रसाद ठेवायचा आणि हा दोन्ही वेळा खायचा, डाव्या हातानं. पांढुर्ण्याला आला की लोक गोटमारीत, म्हणजे आमच्याकडे दरवर्षी नदीकाठी होणाऱ्या दगडफेकीत, लागलं का म्हणून आदरानं विचारत. हा नाही म्हणत नसे, नुसता नदीकडे बघत उसासा टाकायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात आपला आपण हळूहळू वाकवायचा, मालीश नाही, ओढाताण नाही, वजन तर अजिबात नाही. यानं मोहगावचा एक मालीशवाला गाठला आणि घरी येऊन हाताला पाण्यानं भरलेली बादली लटकवली. कोपर सुजून टम्म. मी रागावलो तर म्हणतो कसा, "व्यायाम नाही करत म्हणता? मी त सांगितल्याहून जास्त करून राहिलो न." पुन्हा नागपूरची बस, पुन्हा मी सोबत. शेजारच्या प्रवाशाला गुडघ्याचे व्यायाम शिकवत हा सगळा रस्ता जागा, आणि मी खिडकीला डोकं टेकून लग्नाच्या कामांचा हिशेब मनात लावतोय. खरं सांगतो, जीव नकोसा व्हायचा.

लग्नाच्या तोंडावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हात थोडाफार सुटेल, पण सावकाश. त्यावर पोरगी उचलायचा विचारही करायचा नाही. परतीच्या बसमध्ये तो कुणाशीच बोलला नाही. सौंसर आलं तेव्हा म्हणाला, "भाऊजी, तिले सांगू नका. लहानपणापासून शब्द देऊन ठेवला हाय मी." त्याच्या त्या गप्प बसण्यानं मला बादलीपेक्षा जास्त दमवलं. घरी जाऊन मी मुलीला सगळं सांगून टाकलं.

लग्नाच्या दिवशी हा फेटा बांधून तिच्या खोलीच्या दाराशी उभा, दोन्ही हात पुढे. एक सरळ, एक वाकडा. मुलगी बाहेर आली, तिनं त्याचा डावा हात घट्ट धरला.

"मामा, एवढी भारी साडी चुरगळली त फोटो खराब येतीन. चालतच जाऊ आपण."

"पण मी म्हटलं होतं न बाई..."

"मले आणाले तूच आला न? मग झालं."

दोघं मांडवात चालत आले. तिला पाटावर उभं करून तो मागे उभा राहिला आणि रडायला लागला. डावा हात तिनं सोडला नव्हता. डोळे पुसायला त्यानं उजवा वर नेला, तो हनुवटीच्या खालीच थांबला. मी पुढे होऊन माझ्या उपरण्यानं त्याचे डोळे पुसले.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "पहिलेपेक्षा वर आला न जरासा?"

"आला," मी म्हणालो. आला होता की नाही, मला नीट दिसलं नाही.